इंग्रजी मजकुरावर हात फिरवताना

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी शिकवतो. आपले कार्यकर्ते आणि विद्यार्थी इंग्रजीतली निवेदने, शोधनिबंध घेऊन येतात आणि म्हणतात, “सर, जरा इंग्रजी तपासून द्या.” तपासायचे म्हणजे नेमके काय करायचे, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. मुद्रितशोधक मूळ प्रत आणि छापील मजकूर ताडून पाहतो. कॉपी-एडिटिंग करणारा त्याच्या आधी येतो. नावे, आकडे, वाक्यांची जुळणी तो पाहतो, वाचक कुठे अडेल ते हेरतो आणि लेखकाला प्रश्न विचारतो.

ज्याच्या घरात पहिले इंग्रजी पुस्तक त्यानेच आणले, त्याला लाल शाईची दहशत असते. मलाही होती. त्यामुळे काही मित्र 1936 च्या प्रसंगाचा आधार घेतात. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना परिषदेच्या अध्यक्षपदासाठी बोलावले, भाषण आधी वाचले आणि त्यातला काही भाग गाळावा असा आग्रह धरला. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि भाषण स्वतः छापले. पण मंडळाला बाबासाहेबांची भाषा खटकत नव्हती, वेदांवरचा आणि हिंदू धर्मावरचा घाव खटकत होता. त्याला संपादन म्हणता येणार नाही.

याच बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत एस. एन. मुखर्जी या मसुदाकाराचे नाव घेऊन कौतुक केले. गुंतागुंतीचे प्रस्ताव सोप्या आणि स्पष्ट कायदेशीर शब्दांत मांडण्याचे कसब मुखर्जींपाशी आहे, असे त्यांनी सांगितले. दोन्ही प्रसंग एकत्र वाचावेत.

आता आपल्या निवेदनांकडे वळू. “जातिवाचक शिवीगाळ करण्यात आली” ही सरकारी मराठी आपण जशीच्या तशी इंग्रजी कर्मणी प्रयोगात नेतो, कारण ती भारदस्त वाटते. त्यात शिवी देणारा मात्र नाहीसा होतो. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसणे, आणि अपमानाच्या कलमात तो लोकांच्या नजरेस येईल अशा ठिकाणी झालेला असणे, या बाबी महत्त्वाच्या आहेत. तेव्हा कोणी, कुठे, कोणासमोर, हे वाक्यात यायला हवे. तपासणाऱ्याने मात्र ते मनाने घालू नये. समासात प्रश्न लिहावा आणि कार्यकर्त्याला परत विचारावे. करणारा खरोखरच अज्ञात असेल, तर कर्मणी प्रयोग योग्यच आहे.

‘ए’ आणि ‘द’ यांना आपण क्षुल्लक समजतो, कारण मराठीत त्यांची जागाच नाही. ‘ए टीचर’ म्हणजे कोणी एक शिक्षक, ‘द टीचर’ म्हणजे ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तोच. तक्रारअर्जात एवढ्याने माणूस बदलू शकतो.

उलट, काही शब्दांना हात लावू नये. आमच्याच अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये आले. जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद 2015 मध्ये निघाला, तोही ‘बलुतं’ याच नावाने. ‘येसकर’ला ‘गावचा नोकर’ केले की त्या कामामागची जात पुसली जाते. शब्द पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडावा, पुढे तसाच चालू द्यावा.