रिन्यूअल राहून गेलं, डॉक्टर!

गाडीचा इन्शुरन्स संपला तर सिग्नलवर मामा पकडतात. पण डॉक्टरांच्या पॉलिसीची तारीख उलटली तर? कोणीच पकडत नाही. एक दिवस थेट नोटीसच येते!

सकाळची वेळ. खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि हातात मोबाइल घेऊन तुम्ही मीरा रोड स्टेशनकडे पळताय. वाटेत जवळजवळ प्रत्येक बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक तरी पाटी दिसते. जनरल फिजिशियन, डेंटिस्ट, बालरोगतज्ज्ञ, पहिल्या मजल्यावर मॅटर्निटी होम. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाख ९ हजार होती. एवढ्या लोकांचा ताप, खोकला, बाळंतपणं आणि फ्रॅक्चर सांभाळण्यात मोठा वाटा आहे तो या छोट्या पाट्यांचा. दोन गाळे एकत्र करून थाटलेली ही नर्सिंग होम्स चालवतात ती तुमच्या-आमच्यासारखीच माणसं. घराचा ईएमआय, मशीनचं लोन, मुलांची फी, सगळं सांभाळणारी!

या डॉक्टरांकडे एक पॉलिसी असते, जिच्याबद्दल पेशंटला सहसा काहीच ठाऊक नसतं. नाव प्रोफेशनल इंडेम्निटी. उपचारात हलगर्जीपणा झाला अशी तक्रार पेशंटने केली, तर वकिलाचा खर्च आणि भरपाई ठरलेल्या मर्यादेपर्यंत विमा कंपनी देते. सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ यांचा प्रीमियम नुसतं प्रिस्क्रिप्शन लिहिणाऱ्या डॉक्टरांपेक्षा जास्त, कारण त्यांची रिस्क जास्त. इथवर सगळं सोपं आहे. गडबड पुढे आहे.

एक तारीख, आठ वर्षं

समजा, शांती पार्कात एक स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. आपण त्यांना नुसतं मॅडम म्हणू. १ जुलै २०१६ ला मॅडमनी पहिली पॉलिसी घेतली आणि दरवर्षी न चुकता रिन्यू केली. २०२४ चा जुलै मात्र विचित्र निघाला. ओपीडीत गर्दी, घरी मुलाची नवी शाळा, त्यात एजंटचा नंबर बदललेला. रिन्यूअल राहून गेलं. ऑगस्टमध्ये नवऱ्याने ड्रॉवर आवरताना विचारलं, ‘‘अगं, तुझी ती पॉलिसी जूनमध्येच संपली की!’’ मॅडमनी दुसऱ्याच दिवशी नवी पॉलिसी घेतली. २० ऑगस्टपासून कव्हर सुरू. सुटलो एकदाचे!

ऑक्टोबरमध्ये वकिलाची नोटीस आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये केलेल्या एका ऑपरेशनबद्दल.

मॅडम निर्धास्त होत्या. ऑपरेशन झालं तेव्हा पॉलिसी होती, नोटीस आली तेव्हाही आहे. मग काळजी कसली? पण जुनी पॉलिसी म्हणते, दावा माझी मुदत संपल्यावर आला. नवी पॉलिसी म्हणते, ऑपरेशन माझ्या सुरुवातीच्या आधीचं. दोघीही आपापल्या जागी बरोबर! आठ वर्षं भरलेला प्रीमियम आणि मध्ये पडलेली जेमतेम सात आठवड्यांची फट. त्या फटीतून सगळंच निसटलं.

मॅडम काल्पनिक आहेत, पण नियम खरा आहे. भारतात डॉक्टरांच्या या पॉलिसी साधारणपणे ‘क्लेम्स-मेड’ पद्धतीच्या असतात. म्हणजे घटना कधी घडली एवढ्यावर भागत नाही, दावाही पॉलिसी चालू असतानाच यावा लागतो. शिवाय घटना ‘रेट्रोॲक्टिव्ह डेट’च्या नंतरची लागते. ही डेट म्हणजे तुमचं सलग कव्हर जिथून सुरू झालं तो दिवस. रिन्यूअल सलग होत राहिलं तर २०१६ ची तारीख कायम राहते. एकदा खंड पडला की घड्याळ पुन्हा शून्यावर. कव्हर गेलं म्हणजे आपलं उद्याचं संरक्षण गेलं असं आपल्याला वाटतं. इथे मात्र मागची सगळी वर्षं उघडी पडतात. मॅडमनी आठ वर्षांत केलेलं प्रत्येक सीझर, प्रत्येक ऑपरेशन!

तीन हजार ते सहा कोटी

आता म्हणाल, एवढं घाबरण्यासारखं आहे काय? जरा फ्लॅशबॅकमध्ये जाऊ. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या आनंदाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला उपचारासाठी पुण्याला आणलं, तिथे त्याचा मृत्यू झाला. त्याचे वडील, त्र्यंबक गोडबोले, स्वतः डॉक्टर होते. त्यांनी उपचार करणारे डॉ. लक्ष्मण जोशी यांच्यावर दावा लावला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९६८ मध्ये कोर्टाने गोडबोल्यांच्या बाजूने निकाल कायम ठेवला. भरपाई किती? ३,००० रुपये. डॉक्टरने पेशंटची केस घ्यायची की नाही, कोणता उपचार द्यायचा आणि तो कसा द्यायचा, या तिन्ही ठिकाणी वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, हे सांगताना आजही या निकालाचा दाखला देतात.

१३ नोव्हेंबर १९९५ ला सुप्रीम कोर्टाने व्ही. पी. शांता प्रकरणात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. पेशंटला दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्याऐवजी एक सोपा रस्ता मिळाला. मग आली अनुराधा साहा यांची केस. कोलकात्यात चुकीचे उपचार झाल्यावर १९९८ मध्ये त्यांचा मुंबईत मृत्यू झाला. पती डॉ. कुणाल साहा १५ वर्षं लढले. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुमारे ६ कोटींची भरपाई दिली, वर व्याज. मोठा वाटा हॉस्पिटलच्या माथी आला, पण दोन डॉक्टरांना प्रत्येकी १० लाख आणि एकाला ५ लाख स्वतः भरायला लागले. गंमत म्हणा किंवा शोकांतिका, दोन्ही खटल्यांत दाद मागणारा माणूस डॉक्टरच होता!

२०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. डॉक्टर त्यातून सुटलेले नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तक्रारीला मुदत दोन वर्षांची, आणि सबळ कारण असेल तर उशीर माफही होतो. आपल्या भागातल्या पेशंटची तक्रार जाते ठाण्याच्या जिल्हा आयोगाकडे. कुठल्या आयोगात जायचं हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, पेशंटने मोजलेल्या पैशांवर ठरतं. ५० लाखांपर्यंत बिल असलं की जिल्हा आयोग. म्हणजे छोट्या नर्सिंग होमच्या ६० हजारांच्या बिलावरून मोठ्या रकमेचा दावाही तिथेच उभा राहू शकतो.

जेव्हा कंपनीच पळते

मॅडमची पॉलिसी विसरल्याने गेली. पण कधी कधी विमा कंपनीच दुकान बंद करते. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेच्या सेंट पॉल कंपनीने डॉक्टरांच्या विम्यातून अंग काढून घेतलं. सुमारे ४२ हजार डॉक्टर नव्या पॉलिसीच्या शोधात निघाले. प्रीमियम भडकले. जुलै २००२ मध्ये लास वेगासचं मोठं ट्रॉमा सेंटर दहा दिवस बंद राहिलं, कारण विम्याच्या खर्चाला कंटाळून सर्जन बाहेर पडले होते. शेवटी नेवाडा राज्याला विधिमंडळाचं विशेष अधिवेशन बोलवावं लागलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात निम्म्याहून जास्त डॉक्टरांना कव्हर देणारी युनायटेड मेडिकल प्रोटेक्शन ही संस्था डबघाईला आली. डॉक्टरांनी काम थांबवू नये म्हणून थेट सरकारने हमी घेतली.

तिथे बातम्या झाल्या, अधिवेशनं झाली. आपल्याकडे मॅडमसारख्या डॉक्टरचं कव्हर जातं तेव्हा आवाजही होत नाही. पण परिणाम तुमच्यापर्यंत पोहोचतोच. घाबरलेला डॉक्टर एक्स्ट्रा टेस्ट लिहितो. थोडी गुंतागुंत दिसली की ‘‘मोठ्या हॉस्पिटलला न्या’’ म्हणतो. मग रात्री अकरा वाजता तुम्ही ॲम्ब्युलन्समध्ये बसून दहिसर चेकनाक्याच्या ट्रॅफिककडे बघत बसता. आणि चूक खरंच झाली असेल, तर? कव्हर नसलं म्हणून पेशंटचा हक्क जात नाही. पण भरपाई डॉक्टरच्या खिशातून वसूल करायची म्हणजे पुन्हा वर्षानुवर्षं वाट बघणं. म्हणजे ही पॉलिसी डॉक्टरइतकीच पेशंटच्याही कामाची आहे!

कव्हर गेलं, आता काय?

सर्वात आधी, लपवू नका. लाज वाटते, भीती वाटते, सगळं मान्य. पण गप्प बसण्यात जाणारा प्रत्येक दिवस महाग पडतो.

जुनी पॉलिसी काढा आणि बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये मुदत संपल्यावर ९० दिवसांपर्यंत, आधी घडलेल्या घटनेचा दावा कळवायची सवलत असते. मात्र एक मेख आहे. त्या काळात तुम्ही दुसरी पॉलिसी घेतलीत, तर ही सवलत सहसा लागू होत नाही. मॅडमनी २० ऑगस्टला घाईघाईने सही केली तेव्हा हीच खिडकी बंद झाली. म्हणून आधी जुन्या कंपनीला विचारा, खंड माफ करून जुनी तारीख कायम ठेवाल का? नव्या कंपनीलाही तेच विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर ते पॉलिसीवर छापून घ्या. एजंटचं ‘‘मॅडम, टेन्शन नका घेऊ’’ ठाण्याच्या आयोगात चालत नाही!

कव्हर चालू असताना एखादी केस बिघडली, नातेवाईक चिडून गेले, तर नोटिशीची वाट बघू नका. कंपनीला तेव्हाच लेखी कळवा. कंपनीने ती सूचना स्वीकारली, तर नंतर येणारा दावा त्याच पॉलिसीत धरायची तरतूद अनेक ठिकाणी असते. कंपनीला न विचारता चूक कबूल करणं किंवा परस्पर तडजोड करणं मात्र टाळा. त्यावरून दावा नाकारला जाऊ शकतो.

केसपेपर जपा. ॲडमिट पेशंटचे रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचे आणि पेशंटने मागितले तर ७२ तासांत द्यायचे, हा २००२ पासूनचा नियम आहे. कव्हर नसेल तेव्हा हे कागद हाच आधार. नोटीस आल्यावर त्यात एक ओळही घुसडू नका. नंतर लिहिलेलं लगेच ओळखू येतं आणि मग खरं लिहिलेल्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

डॉक्टरांच्या संघटनांच्याही संरक्षण योजना असतात. कायदेशीर मदतीसाठी त्या चांगल्या. पण योजना आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरपाई कोण देणार, किती देणार, हे सभासद होण्याआधीच विचारा.

आणि विमा काय करत नाही, तेही लक्षात ठेवा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार उपचार करताना डॉक्टरच्या हलगर्जीपणाने मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ती शिक्षा कुठलीच पॉलिसी भोगत नाही. दिलासा एवढाच, की २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सुप्रीम कोर्टाने फौजदारी खटल्यासाठी हलगर्जीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो आणि आधी तटस्थ वैद्यकीय मत घ्यावं, असं सांगितलं आहे.

तुमच्या घरात डॉक्टर आहे?

बायको, भाऊ, वहिनी, कोणीतरी असेलच! मग आज रात्री जेवताना तीन प्रश्न विचारा. पॉलिसी कधी संपते? रेट्रोॲक्टिव्ह डेट कोणती? एका दाव्याला किती आणि वर्षभराचे मिळून किती? उत्तर लगेच आलं नाही, तर फाइल उघडा. प्रॅक्टिस बंद करताना किंवा कंपनी बदलतानाही हेच विचारा, कारण बोर्ड उतरवल्यावरही जुन्या केसची नोटीस येऊ शकते. आणि हो, तुम्ही स्वतः सीए, आर्किटेक्ट किंवा कन्सल्टंट असाल, तर तुमची इंडेम्निटी पॉलिसीही बहुधा याच जातीची आहे!

ऑफिसमध्ये आपण साध्या मीटिंगचे तीन-तीन रिमाइंडर लावतो. त्यातला एक घरच्या डॉक्टरच्या नावाने लावा. पॉलिसी संपायच्या एक महिना आधीचा. डॉक्टर दिवसभर दुसऱ्यांच्या तारखा सांभाळतात. ड्यू डेट, टाके काढायची तारीख, पुढच्या डोसची तारीख. त्यांची ही एक तारीख कोणीतरी सांभाळायला नको?