दरडीतली प्रवरा

नेवाशाला गेलेला माणूस आधी खांबाकडे जातो. ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला असं आपण मानतो, तो पैसाचा खांब. दर्शन होतं, बाहेर चहा होतो आणि गाडी शनिशिंगणापूरच्या रस्त्याला लागते. नदीकडे वळणारे थोडेच. जे वळतात त्यांची नजर पाण्यावर जाते, आणि उन्हाळ्यात प्रवरेत बघण्याजोगं पाणी नसतं. बघायची असते ती दरड.

पात्रात उतरून मागे वळलं की काठ डोक्याच्या कितीतरी वर जातो, काही ठिकाणी पंधरा-वीस मीटर. सगळ्यात वर काळी माती. तिच्याखाली पिवळट तपकिरी गाळाचा जाड थर, त्यात चुनखडीचे पांढरे खडे पेरल्यासारखे. त्याखाली गोटे, चुन्यानं असे जखडलेले की टिकाव मारला तर उलटा यावा. आणि तळाशी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ. ज्ञानेश्वरी झाली शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली. आपल्या लेखी हे फार जुनं. दरडीच्या हिशेबानं ती वरची वीतभर माती.

डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी 1954 ते 1956 या काळात नेवाशाला उत्खनन केलं. त्याच्या अहवालाचं नावच मला फार आवडतं. इतिहासाकडून प्रागैतिहासाकडे, असा त्या इंग्रजी नावाचा अर्थ. एरवी आपण गोष्ट जुन्यापासून नव्याकडे सांगतो. कुदळीला मात्र उलटं जावं लागतं. मराठे आणि मुसलमानी अमलाचे अवशेष, त्याखाली सातवाहन आणि रोमशी व्यापाराच्या काळातली भांडी, त्याखाली तांबं वापरणारे शेतकरी. नदीच्या थरांत आणखी खाली गेलं की नुसते दगड. पण माणसानं फोडलेले.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. प्रवरेचं मूळ काही लपलेलं नाही, ती रतनगडाच्या कुशीतून निघते. उत्खनन करणाऱ्या मंडळींनी तिला वय विचारलं, आणि ते सांगायला नदी जास्त कुरकुरते.

नेवाशाजवळ चिरकी नावाचा नाला प्रवरेला मिळतो. तिथे गुडरून कॉर्व्हिनस या जर्मन भूशास्त्रज्ञ बाईंनी 1966 ते 1969 अशी वर्षं खणण्यात घालवली. कातळावर, गोट्यांच्या थराखाली, त्यांना हातकुऱ्हाडी मिळाल्या. हातकुऱ्हाड म्हणजे पेरूच्या फोडीसारखा, एका टोकाला निमुळता, दोन्ही बाजूंनी टवके काढून धार आणलेला दगड. तिच्या जोडीला क्लीव्हर, म्हणजे टोकाऐवजी सरळ आडवी धार असलेलं हत्यार. दगड इथलाच, बेसाल्ट आणि डोलेराइट. पाथरवटाला विचारा, बेसाल्टचा मोठा टवका हवा तसा काढणं हे येरागबाळ्याचं काम नाही. घाव कुठे बसला की फूट कुठवर जाईल, हे आधी डोक्यात दिसावं लागतं. पुष्कळ हत्यारांच्या कडा अजून तीक्ष्ण आहेत. नदीनं ती दूरवरून लोळवत आणली असती तर कडा बोथट झाल्या असत्या. बनवणारे तिथेच, फार तर हाकेच्या अंतरावर बसत होते.

केव्हा? नेवाशाच्या गोट्यांना बांधणाऱ्या चुन्याचं वय युरेनियम आणि थोरियमच्या प्रमाणावरून काढलं, तेव्हा उत्तर आलं साडेतीन लाख वर्षांच्या पलीकडे. पलीकडे म्हणजे किती, हे ती पद्धत सांगू शकत नाही. तिची फूटपट्टी तिथेच संपते. या माणसाचं एकही हाड प्रवरेत सापडलेलं नाही. भारतात त्या सुमाराची कवटी मिळाली ती नर्मदेकाठी हथनोऱ्याला, 1982 साली. प्रवरेत माणूस नाही, त्याच्या हातचं काम आहे.

आता नजरेसमोरून आजची नदी पुसा. ही उंच दरड त्या माणसानं पाहिलेली नाही, कारण ती अजून साचायची होती. त्याच्या समोर उघडा कातळ होता, त्यावर पसरलेले मोठे धोंडे आणि त्यांच्यामधून फाटे फुटत वाहणारं पाणी. पाण्याला येणारी जनावरंही आपल्या ओळखीची नव्हती. गोदावरीच्या खोऱ्यातल्या थरांत प्रचंड शिंगांच्या रानबैलाची आणि हत्तीची हाडं दगड होऊन पडलेली आहेत, आणि मांजरेच्या काठी तर पाणघोड्याची. लातूर जिल्ह्यात पाणघोडा! टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना हे सांगायला जीभ रेटत नाही.

मग दरड आली कुठून? मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत नवलाचा भाग हाच वाटतो. आपला साधा अंदाज असा की पाऊस जास्त तर पूर मोठा, पूर मोठा तर गाळ जास्त, म्हणजे गाळाचे जाड थर ओल्या काळातले. घडलं नेमकं उलटं. शरद राजगुरू आणि विश्वास काळे यांनी 1987 साली ‘नेचर’मध्ये दख्खनच्या वायव्य भागातल्या नद्यांचा हिशेब मांडला. त्यातून दिसतं ते असं की शेवटच्या हिमयुगाच्या सरत्या काळात, मॉन्सून दुबळा असताना, या नद्यांनी आपली खोरी गाळानं भरली. पुढे सुमारे 10,000 वर्षांपूर्वी पाऊस जोरावला, तसा त्यांनी तोच गाळ चिरत खाली जायला सुरुवात केली.

अंगण धुताना हे रोज दिसतं. तांब्याभर पाणी टाकलं तर माती थोडी पुढे सरकते आणि मध्येच थबकते, चिखल होतो. बादलीभर ओतलं तर माती उंबऱ्यापार जाते. पाऊस कमी तेव्हा डोंगरउतार बोडके, झाडाझुडपांची मुळं माती धरायला नाहीत. आलेल्या एखाद्या सरीनंही माती आणि मुरूम खाली येतो, पण तो समुद्राकडे लोटण्याइतका दम नदीत नसतो. ओझं टाकत टाकत ती स्वतःचंच पात्र उंचावते. पाऊस बरा झाला की उतारावर गवत येतं, माती जागेवर राहते, नदीकडे पाणी भरपूर आणि ओझं कमी. मग ती हात मोकळे झाल्यासारखी खाली खणू लागते. पुण्या-नगरच्या नद्या आज अशा खोल खंदकातून का वाहतात, आणि काठावरच्या माणसाला पाणी दिसतं पण हाताला का लागत नाही, त्याचं उत्तर या दहा हजार वर्षांत आहे. आपण ज्याला प्रवरेचा काठ म्हणतो तो तिचा जुना तळ.

गाळाच्या मधल्या थरांत दुसरी हत्यारं येतात. सांकळियांना ती नेवाशाला भेटली आणि त्यांचं वेगळेपण लक्षात आलं; त्या घडणीला पुढे ‘नेवासन’ हेच नाव पडलं. काळा बेसाल्ट बाजूला पडला. आता हवे झाले चर्ट, जॅस्पर, अकीक, म्हणजे लाव्हाच्या पोकळ्यांत आणि भेगांत तयार झालेले गुळगुळीत, रंगीत, काचेसारखे फुटणारे दगड. हत्यार तळहातावर मावेल एवढं. खरवडण्या, टोकं, लहान टवके. कोणीतरी नदीतल्या हजार गोट्यांमधून तांबूस किंवा मधाच्या रंगाचा एक उचलत होता. आज मुलं नदीत नेमकं हेच करतात.

शेजारच्या खोऱ्यातली एक भानगड इथे सांगितलीच पाहिजे. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी गाव आहे. तिथल्या दरडीत एक फिकट, पिठूळ थर आहे. गावाकडची नजर म्हणेल, भांडी घासायला बरी राख. ती राखच आहे, पण चुलीची नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात काचेचे धारदार कण दिसतात. ज्वालामुखी फुटला की वितळलेला दगड हवेत उडून असे कण होतात. आणि महाराष्ट्रातला ज्वालामुखी तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच विझलेला. मग ही आली कुठून? रासायनिक ठसा जुळतो सुमात्रातल्या टोबाशी, तीन हजार किलोमीटरांहून दूर. सुमारे 74,000 वर्षांपूर्वी टोबा फुटला तेव्हा पडलेल्या खड्ड्यात आज जवळपास शंभर किलोमीटर लांबीचं सरोवर आहे. पुण्याहून निघून साताऱ्याजवळ पोचावं, एवढं.

भानगड पुढे आहे. बोरीच्या राखेचं वय पहिल्यांदा पोटॅशियम-आर्गननं काढलं तेव्हा आलं सुमारे 14 लाख वर्षं. नंतर अधिक नाजूक आर्गन पद्धतीनं आलं 6 लाख 70 हजार. रसायनं जुळवणारे म्हणाले, छे, ही टोबाची सगळ्यात धाकटी राख, 74 हजारांची. एकच मूठभर राख आणि वयात जवळजवळ वीसपटींचा फरक! वाद अजून मिटलेला नाही, आणि तो नुसता राखेचा नाही. त्याच थरांच्या आगेमागे हातकुऱ्हाडी आहेत. राख जितकी जुनी, तितका महाराष्ट्रातला माणूस जुना. माझा कल विचाराल तर मी आकड्यांपेक्षा काचेच्या ठशाकडे झुकतो. पण टोबा एकदाच फुटलेला नाही, हे विसरून चालत नाही.

प्रवरेकडे परत येऊ. नदी खोल गेली, काठ कोरडे आणि पुरापासून सुरक्षित झाले, वर काळी माती पसरलेली. आता तिथे घर बांधता येणार होतं. मराठी गावाला स्वतःच्या जमिनीचे दोन शब्द आहेत, काळी आणि पांढरी. पिकते ती काळी, वसते ती पांढरी. पांढरी हा नुसता रंग नव्हे. चुलीची राख, शेण, ढासळलेल्या मातीच्या भिंती, हाडं, खापरं, असं पिढ्यान् पिढ्या एकावर एक साचून झालेलं ते टेकाड. महाराष्ट्रातल्या कितीतरी प्राचीन वस्त्या पुरातत्त्वाच्या माणसांना अशाच पांढरीच्या टेकाडात सापडल्या. काही शेतकऱ्यांनी खत म्हणून गाड्या भरभरून नेल्या, ते वेगळं.

संगमनेरजवळचं जोर्वे हे त्यातलं पहिलं मोठं नाव. तांब्याच्या कुऱ्हाडी तिथे मिळाल्या आणि 1950-51 मध्ये उत्खनन झालं. लाल खापरावर काळी नक्षी, लांब तोटीची भांडी, टिचकी मारली तर धातूसारखी वाजणारी. ख्रिस्तपूर्व 1400 ते 1000 या काळातली ही घडण पुढे महाराष्ट्रभर सापडली आणि तिला जोर्वे संस्कृती हे नाव मिळालं. खाली श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद. तिथे 1974 साली झाडाच्या बुंध्याशी खणताना चार भरीव ब्राँझच्या वस्तू निघाल्या, एकूण सुमारे 65 किलो वजनाच्या: बैलगाडी हाकणारा माणूस, रेडा, हत्ती आणि गेंडा. त्या नेमक्या कोणत्या काळातल्या यावर पंडितांची तोंडं चार दिशांना आहेत.

नेवाशाच्या थरांत याहून लहान वस्तू मिळाली, आणि मला विचाराल तर मोठी. जोर्वे काळातल्या लोकांच्या घरात मूल गेलं की त्याला दोन रांजणांत ठेवत, तोंडाला तोंड जोडत आणि घराच्या जमिनीखाली पुरत. अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांच्या आत दोरा शिल्लक होता. रेशमाचा, कापसाच्या तंतूवर कातलेला. तीन हजार वर्षांपूर्वीचा दोरा नेवाशाच्या मातीत टिकायचं कारण नाही. पण तांबं गंजलं की त्याचे क्षार कुजवणाऱ्या जंतूंना मारतात. मण्यांनी आपला दोरा राखला.

ख्रिस्तपूर्व 1000 च्या सुमाराला प्रवराकाठची ही गावं ओस पडली. शिरूर तालुक्यात घोडनदीकाठचं इनामगाव आणखी तीनशे वर्षं तगलं, पण तिथेही ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस घटला, असं उत्खननकर्ते मधुकर ढवळीकर मानत. इतरांनी जमिनीच्या अति वापराकडे बोट दाखवलं. प्रवरेच्या दरडीनं दोन्ही गोष्टी पाहिल्या आहेत.

आजची प्रवरा तर वेगळीच आहे. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं, कालवे आले, ऊस आला, साखर कारखाने आले. पाणी दरडीखालून नाही, आता वरून येतं. आणि पात्रातली वाळू ट्रकनं जाते. वाळूबरोबर गोटे जातात, गोट्यांबरोबर हातकुऱ्हाडी, आणि त्या कुठल्यातरी इमारतीच्या काँक्रीटमध्ये कायमच्या बंद होतात.

तेव्हा नेवाशाला गेलात तर वैशाखात, सकाळच्या उन्हात नदीत उतरा. दरडीतून पेरूच्या फोडीसारखा टवके काढलेला दगड डोकावताना दिसला तर उपटू नका. थरातून सुटलेला दगड नुसता दगड असतो. तो होता तिथे राहू द्या, शेजारी एखादं नाणं ठेवून फोटो काढा, जागा लिहून घ्या आणि पुरातत्त्व खात्याला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा.