ऑक्सिजन हे औषध आहे, मापातच घ्यावं

गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब आटोपला की आजारपणाचा विषय निघतोच. कोरोनानंतर बऱ्याच घरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं, कुठे ऑक्सिजनचं मशीनही आलं. तेव्हापासून आम्हाला एक प्रश्न हमखास येतो, "ताई, ऑक्सिजन म्हणजे प्राणवायू. मग थोडा जास्त दिला तर काय बिघडलं?" आज त्यावरच बोलू.

आपल्या श्वासातल्या हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन तो अंगभर पोचवतं. हिमोग्लोबिन म्हणजे एसटी समजा. निरोगी माणसाच्या शंभरातल्या ९५ ते १०० सीटा साध्या हवेवरच भरलेल्या असतात. स्टँडवर गर्दी वाढवली म्हणून सीटा वाढत नाहीत. दारात लटकून चार जण जास्त येतील, एवढंच. आणि अंगात रक्त कमी असेल तर गाड्याच कमी असतात. तेव्हा ऑक्सिमीटर ९८ दाखवतं, तरी धाप लागते. म्हणून आकडा चांगला असला तरी हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं.

आता हृदयाचं बघू. रक्तात ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त झाला की रक्तवाहिन्या आकसतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याही त्यात आल्या. ठोके थोडे मंदावतात, मिनिटाला पुढे ढकललं जाणारं रक्तही थोडं कमी होतं. निरोगी माणसाला हे जाणवत नाही. पण ज्याच्या हृदयाची वाहिनी आधीच तुंबली आहे, त्याला ही आकसणी परवडणारी नसते.

पूर्वी छातीत दुखणाऱ्या प्रत्येकाला ऑक्सिजन लावायची पद्धत होती. स्वीडनमध्ये हार्ट अटॅकचा संशय असलेल्या ६,६२९ रुग्णांवर अभ्यास झाला. सगळ्यांचा आकडा ९० किंवा जास्त होता. काहींना ऑक्सिजन दिला, काहींना साध्या हवेवर ठेवलं. २०१७ साली निकाल आला. वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. म्हणून आकडा चांगला असताना डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला नाही, तर हयगय केली असं समजून भांडायला जाऊ नका.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वर्षानुवर्षं चुलीचा धूर खाल्लेल्या आपल्या सासवा-आयांना दम्यासारखा फुप्फुसाचा जुना आजार जडतो. त्यांचा ऑक्सिजन कायम कमी राहिला तर फुप्फुसातल्या वाहिन्या आकसतात, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, पाय सुजतात. अशांना डॉक्टर रोज १५ तास किंवा जास्त ऑक्सिजन सांगतात. त्याने आयुष्य वाढतं. तो कंटाळून बंद करू नका. वीजबिलाची धास्ती असेल तर गटात बोला, मार्ग काढू. पण अशा रुग्णांचा आकडा बहुधा ८८ ते ९२ च ठेवायचा असतो. तो ९८ व्हावा म्हणून मायेपोटी कुणी मशीनचा फ्लो वाढवला, तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो. डोकं दुखतं, गुंगी येते, माणूस बेशुद्धही पडू शकतो.

तर मैत्रिणींनो, एवढं करा. किती लिटर, किती तास आणि आकडा किती ठेवायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद मशीनवरच चिकटवा. आकडा बघताना बोट गार नको, नखावर नेलपॉलिश किंवा मेंदी नको. मशीनजवळ चूल, निरांजन, उदबत्ती, विडी काही नको, कारण ऑक्सिजनमुळे आग भडकते. आणि छातीत दुखलं, घाम फुटला, धाप लागली, किंवा ऑक्सिजनवरचं माणूस गुंगीत गेलं, तर घरच्या घरी फ्लो कमी-जास्त करत वेळ घालवू नका. लगेच १०८ ला फोन करा.

पाणी पिकाला लागतंच, पण पाटाचं तोंड किती उघडायचं ते आपण जमीन बघून ठरवतो. ऑक्सिजनचंही तसंच आहे.