एका वाड्यात चार बिऱ्हाडं

मित्रांनो, आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा काणाडोळा करा. हा लेख इंग्रजी विभागातही देता आला असता. पण मग वाड्याची गोष्ट राहिली असती, आणि वाड्याशिवाय हा विषय मला स्वतःलाच नीट कळला नव्हता!

विषय आहे व्हर्च्युअल मशीन. मागच्या वर्षी बाबांच्या ऑफिसातून भंगारात निघालेला एक डेस्कटॉप घरी आला. चार कोअरचा प्रोसेसर, 8 जीबी रॅम आणि एक म्हातारी हार्ड डिस्क. त्यावर मी डेबियन लिनक्स टाकलं आणि डबा राउटरशेजारी ठेवून दिला. झाला आमचा होम सर्व्हर! डीबीएमएस प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये आम्ही चौघी. मी घरून येणारी, बाकीच्या तिघी हॉस्टेलवर. त्यातल्या एकीला रोज नवीन काहीतरी इन्स्टॉल करून बघायची भारी हौस, आणि तिच्या हौसेपायी दर आठवड्याला सगळ्यांचंच सेटिंग बिघडायचं. उपाय एकच, एका मशीनमध्ये चार वेगळी मशीन्स करायची.

हे आजीला सांगत होते तर ती म्हणाली, "अगं, म्हणजे आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यासारखंच की!"

अगदी बरोबर. वाडा एक, मालक एक, चौकातला नळ एक, पण बिऱ्हाडं चार. प्रत्येकाची चूल वेगळी, कडीकुलूप वेगळं. एकाकडे दूध उतू गेलं तर दुसऱ्याला त्रास नाही. आपला मूळ लिनक्स म्हणजे मालक, म्हणजेच होस्ट. प्रत्येक व्हर्च्युअल मशीन म्हणजे एक बिऱ्हाड, म्हणजेच गेस्ट. प्रत्येक गेस्टचा कर्नल स्वतःचा असतो. कंटेनर म्हणजे मात्र आपलं हॉस्टेल. खोल्या वेगळ्या पण मेस, म्हणजे कर्नल, एकच. जागा कमी लागते, पण मेस बंद पडली की सगळी विंग उपाशी!

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने 1960च्या दशकातच मेनफ्रेमवर हे करून दाखवलं होतं, आणि 1972 मध्ये व्हीएम/370 बाजारात आणलं. 1974 मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी यासाठी प्रोसेसर कसा असावा याचा नियम मांडला. थोडक्यात सांगायचं तर, भाडेकरूने मालकाच्या अखत्यारीतल्या वस्तूला हात लावला की मालकाला ते कळलंच पाहिजे. आपल्या पीसीतला एक्स86 प्रोसेसर इथेच नापास! उदाहरणार्थ, पॉपएफ ही इन्स्ट्रक्शन. साध्या प्रोग्रॅमने तिच्यातून इंटरप्ट बंद करायचा प्रयत्न केला, तर प्रोसेसर तक्रार न करता ते चक्क दुर्लक्षित करतो. गेस्टला वाटतं काम झालं, मालकाला पत्ताच नाही. 1999 मध्ये व्हीएमवेअरने अशा इन्स्ट्रक्शन्स चालता चालता बदलून हा अडथळा पार केला. मग 2005 मध्ये इंटेलने आणि 2006 मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच ही सोय दिली. त्या सोयीवर अवी किव्हिटी यांनी केव्हीएम लिहिलं, आणि फेब्रुवारी 2007 मध्ये ते लिनक्सच्या 2.6.20 आवृत्तीत आलं. त्यांची कंपनी क्युमरानेट 2008 मध्ये रेड हॅटने घेतली. त्याच रेड हॅटचं इंजिनिअरिंग ऑफिस आपल्या पुण्यातही आहे, प्लेसमेंटवाल्यांनी नोंद घ्यावी!

आता प्रत्यक्ष काम. आधी 'प्रोक' फोल्डरमधली सीपीयूइन्फो फाईल उघडून त्यात व्हीएमएक्स (इंटेल) किंवा एसव्हीएम (एएमडी) हा शब्द शोधा. केव्हीएम चालत नसेल तर बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते बघा. मग केव्हीएम, क्यूईएमयू आणि लिबव्हर्ट ही त्रिमूर्ती. केव्हीएम प्रोसेसर वाटून देतं, क्यूईएमयू खोटी डिस्क आणि खोटं नेटवर्क कार्ड पुरवतं, लिबव्हर्ट कारभार बघतं. डिस्क आणि नेटवर्कसाठी व्हर्टआयओ निवडा, वेगात फरक पडतो. रॅमचा हिशोब मी असा केला: 2 जीबी होस्टला, उरलेल्या 6 मध्ये चौघींना दीड-दीड. होस्टला उपाशी ठेवलंत तर सगळा वाडाच कोसळेल. हॉस्टेलवरून यायला वायरगार्डचं व्हीपीएन टाकलं.

चार महिने सगळं मस्त चाललं. काही बिघडवण्याआधी स्नॅपशॉट घ्यायचा, बिघडलं की मागे जायचं. आम्ही इतक्या निर्धास्त झालो की वेगळा बॅकअप घ्यायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

सबमिशनच्या आदल्या आठवड्यात, गुरुवारी, दिवसभर लाइट येत-जात राहिली. यूपीएस नव्हता. संध्याकाळी डिस्कमधून फक्त टक-टक आवाज. चारही मशीन्स गेली, आणि स्नॅपशॉटसुद्धा, कारण ते त्याच डिस्कवरच्या त्याच फाईलमध्ये होते! स्नॅपशॉट आपल्याला आपल्या चुकांपासून वाचवतो, डिस्कच्या मरणापासून नाही. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. मैत्रिणींना फोन करायला मला अर्धा तास लागला.

वाचवलं कोणी? जिला आम्ही बिघडवणारी म्हणून चिडवायचो, तिनेच. स्वतःवर भरवसा नाही म्हणून ती दर रविवारी डेटाबेसचा डम्प पेनड्राइव्हवर घेऊन ठेवायची. चार दिवसांचं काम गेलं, ते आम्ही तीन रात्री हॉस्टेलवर जागून परत केलं. व्हायव्हामध्ये बॅकअपवर एक प्रश्न आला. उत्तर चौघींनीही एकदम दिलं!

आता घरी नवी डिस्क आहे, छोटा यूपीएस आहे, आणि दर रात्री मशीन्सची प्रत दुसऱ्या डिस्कवर जाते. आजीचं म्हणणं एवढंच, "वाडा कितीही भक्कम असला तरी दागिने सगळे एकाच पेटीत ठेवू नयेत गं." तर मंडळी, जुना डबा शोधा, बिऱ्हाडं थाटा, आणि पहिलं बिऱ्हाड थाटायच्या आधी दुसरी पेटी घ्या.

(तृतीय वर्ष, संगणक)