सुईदोऱ्याविना पोशाख

थंडीचे दिवस आले की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची तयारी सुरू होते. कोणी नाटकात काम करतो, कोणी समूहगीतात भाग घेतो, तर कोणी वेशभूषा स्पर्धेत उतरतो. नाटकासाठी नावे विचारली जातात, तेव्हा काही हात मात्र खालीच राहतात. या मुलांना पाठांतर जमत नाही, असे नाही. पोशाखाचे भाडे कोठून आणायचे, ही चिंता त्यांना गप्प बसवते. घरात शिलाई यंत्र नसते आणि शिंप्याची मजुरी परवडत नाही. पण पोशाख शिवावाच लागतो, असे थोडेच आहे?

न शिवलेली वस्त्रे माणूस फार पूर्वीपासून वापरत आला आहे. नऊवारी साडी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे एकच वस्त्र. निऱ्या, काष्टा आणि पदर यांमुळे ते अंगावर नीट बसते. धोतर, लुंगी आणि फेटा यांनाही शिलाई लागत नाही. हजला जाणारे पुरुष इहराम बांधतात. त्यात दोन न शिवलेली वस्त्रे असतात. प्राचीन रोममधील नागरिक 'टोगा' नावाचे मोठे लोकरी वस्त्र अंगाभोवती गुंडाळत असत. गाठ, घडी आणि खोच ही माणसाची जुनी साधने आहेत. आपणही त्यांचाच उपयोग करणार आहोत.

पहिला पोशाख आहे गोल झगा. त्यासाठी जुनी सुती चादर, सुतळी, खडू, कात्री आणि चार-सहा सेफ्टी पिना एवढेच साहित्य पुरते. चादर कापण्यापूर्वी घरच्या माणसांना विचारा. चादरीचा दीड मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असा चौकोनी तुकडा घ्या. त्याची आधी उभी आणि मग आडवी घडी घाला. आता कापडाचे चार पदर झाले. या घडीचा एक कोपरा असा असेल, की तेथे कापडाची एकही कड सुटी दिसणार नाही. तो कोपरा म्हणजे चादरीचा मध्य होय.

आता डोके आत जाण्यासाठी भोक हवे. ते किती मोठे ठेवावे? यासाठी गणिताची मदत घेऊ. सुतळीने डोक्याचा घेर मोजा. समजा, तो ५४ सेंटिमीटर भरला. ५४ ला ६ ने भागा. उत्तर ९ आले. मध्याच्या कोपऱ्यापासून ९ सेंटिमीटर अंतरावर खडूने गोलाकार रेघ काढा आणि त्या रेघेवर कापा. घडी उघडली की ९ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ दिसेल. त्याचा परीघ सुमारे साडेछप्पन्न सेंटिमीटर भरतो, म्हणून डोके सहज आत जाते. भागताना ६ हा आकडा का घेतला, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. परीघ हा त्रिज्येच्या सहा पटींहून थोडा अधिक असतो.

त्याच कोपऱ्यापासून ७५ सेंटिमीटर लांबीची सुतळी धरा. तिच्या दुसऱ्या टोकाला खडू बांधून बाहेरची गोल रेघ काढा आणि तेथेही कापा. असे केले नाही, तर चादरीची टोके खाली लोंबतात व पायांत अडकतात. झगा अंगात घातल्यावर खांद्यांजवळ आतल्या सदऱ्याला पिना लावा, म्हणजे तो घसरणार नाही.

या एका झग्यातून कितीतरी सोंगे करता येतात. त्यावर कागदी पाने चिकटवली की झाड झाले. चिकटवण्यासाठी कणकेची खळ चालते. झग्याच्या कडेला दहा-दहा सेंटिमीटरचे काप दिले की पक्ष्याची पिसे झाली. पांढरा झगा तसाच ठेवला, तर ढग!

एक गोष्ट ध्यानात ठेवा. मागावर विणलेल्या कापडात उभे व आडवे धागे असतात. ते कापले की कडेचे धागे सुटू लागतात. बनियनच्या कापडात मात्र धाग्यांचे फास एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून कड सहसा उसवत नाही. बारीक झालर हवी असेल, तर जुनी बनियन कापावी.

काही पात्रांसाठी कात्रीही लागत नाही. वडिलांचे धोतर किंवा लुंगी, डोक्याला टॉवेलचे मुंडासे आणि खांद्यावर घोंगडी घेतली की शेतकरी उभा राहतो. टोपीवर आईची ओढणी गुंडाळली की मुल्ला नसरुद्दीनची पगडी तयार होते. खाकी सदरा घालून खांद्याला पिशवी अडकवली, की पोस्टमन आलाच.

अमेरिका, आयर्लंड, इंग्लंड इत्यादी देशांत ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी 'हॅलोवीन' साजरा करतात. मुले भुताखेतांची सोंगे घेऊन घरोघर खाऊ मागत हिंडतात. त्या दिवशी मेणबत्त्याही लावतात. २०१४ साली इंग्लंडमध्ये एका लहान मुलीच्या पोशाखाला मेणबत्तीची ज्योत लागली आणि ती गंभीर भाजली. आपल्या कार्यक्रमांतही समई असते, दिवे असतात. म्हणून सैल पोशाख घालून ज्योतीजवळ जाऊ नका. सुती कापड लवकर पेटते. नायलॉन व पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. कापसाची दाढी तर क्षणात पेट घेते. तिच्याऐवजी लोकरीच्या धाग्यांची दाढी करा.

चुकून कपडे पेटलेच, तर पळू नका. पळाल्याने वारा लागतो आणि आग वाढते. थांबा, जमिनीवर पडा, हातांनी तोंड झाका आणि लोळा. आग विझल्यावर भाजलेला भाग वीस मिनिटे थंड वाहत्या पाण्याखाली धरा आणि डॉक्टरांकडे जा.

मुखवटा घालणार असाल, तर डोळ्यांची भोके मोठी ठेवा. रंगमंचाच्या पायऱ्या दिसल्या पाहिजेत. पोशाख घालून एकदा चाला, बसा, वाका. गाठी सुटतात का, ते घरीच पाहा.

कार्यक्रम संपला की पिना काढून डबीत ठेवा. धोतर आणि ओढणी धुऊन, घडी घालून ज्यांची त्यांना परत करा. झगा मात्र शाळेच्या पेटीत राहू द्या. पुढच्या वर्षी दुसरा कोणीतरी तोच झगा घालून रंगमंचावर झाड होऊन उभा राहील.