सर्चमधलं मालवण

मालवण इंग्रजी अक्षरांत लिहायचं तर ‘व’ला व्ही लावायचा की डब्ल्यू? दोन्ही सर्रास चालतं. भोगवे लिहिताना मधला ए ठेवायचा की गाळायचा हाही प्रश्न असतो. सिंधुदुर्गच्या शेवटी कुणी जादा ए जोडतं, तारकर्लीतला एक आर घाईत गळतो, आणि वेंगुर्ला-वेंगुर्ले तर मराठीतच जोडीनं नांदतात. सुट्टीचा बेत आखणारा पुण्या-मुंबईचा माणूस मोबाईलवर यातलं जे बोटाला येईल ते टाइप करतो. एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या घरांचा हंगाम बऱ्याच अंशी या टायपिंगवर अवलंबून असतो.

या लिखाणाला सरसकट ‘चुका’ म्हणणं मला पटत नाही. १८८० साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या दहाव्या खंडाच्या नावात सावंतवाडीच्या दोन्ही ‘व’ना व्ही आहे. आज कोकण रेल्वेच्या स्टेशनच्या नावात दोन्ही ठिकाणी डब्ल्यू आहे. मग चुकलं कोण? देवनागरीतून रोमनमध्ये जाण्याची एकच ठरलेली रीत आपल्या लोकांच्या अंगवळणी कधी पडलीच नाही. म्हणून वेबसाइट चालवणाऱ्यानं, पाहुणा काय टाइप करतो ते आधी नीट पाहावं.

सर्च इंजिन स्वतःही बरंच सावरून घेतं. फ्रेडरिक डॅमरो यांनी १९६४ मध्येच दाखवलं होतं की स्पेलिंगच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक चुका चारांपैकी एकाच घोटाळ्यातून होतात: एक अक्षर जास्त, एक कमी, एक बदललेलं, किंवा शेजारची दोन उलटसुलट. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतील हे मोजण्याची व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांची रीत १९६५ची. या हिशेबानं व्हीचं मालवण आणि डब्ल्यूचं मालवण यांत अंतर फक्त एकाचं. रोजच्या दर दहा शोधांत एक चुकीच्या स्पेलिंगचा असतो, असं गुगलनं २०२० मध्ये सांगितलं होतं.

पण नुसत्या अंतरावर विसंबलं तर फसगत होते. कुडाळच्या रोमन स्पेलिंगमध्ये एक एन शिरला की सांगली जिल्ह्यातलं कुंडल होतं. एकही अक्षर न बदलता दुसरं कुडाळ सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात आहे. देवगडच्या शेवटी आर-एच आला तर राजस्थानातलं देवगढ समोर येऊ शकतं. अशा वेळी सर्च इंजिन शोधातल्या बाकीच्या शब्दांचा आधार घेतं. ‘हापूस’ किंवा ‘स्कूबा’ सोबत असेल तर गाव ओळखायला सोपं जातं. तोच आधार आपल्या पानानंही द्यावा. ‘कुडाळ’ एकटं न ठेवता ‘कुडाळ, जि. सिंधुदुर्ग’ लिहावं, जवळचं स्टेशन, तालुका, समुद्रकिनारा यांची नावं मजकुरात यावीत.

पूर्वी लोक वेगळाच मार्ग घेत. सगळी चुकीची स्पेलिंगं मेटा कीवर्डमध्ये कोंबायची, नाहीतर पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत लपवायची. क्रमवारीसाठी मेटा कीवर्ड आपण पाहत नाही हे गुगलनं २००९ मध्येच जाहीर केलं. लपवलेला मजकूर आणि शब्दांची कोंबाकोंब आज त्यांच्या नियमांत स्पॅम ठरते. प्रत्येक स्पेलिंगला वेगळं पान काढणंही तसंच धोक्याचं. तरीही हे करून देतो म्हणणारे भेटतात. त्यांना पैसे देऊ नयेत.

खरी माहिती फुकट मिळते. गुगल सर्च कन्सोलमध्ये आपली वेबसाइट नोंदवली की मागच्या सोळा महिन्यांपर्यंतचे शोध, त्यांत आपलं पान किती वेळा दिसलं आणि किती क्लिक मिळाले, हे कळतं. अगदी विरळ शोध गोपनीयतेसाठी झाकलेले असतात, पण वारंवार येणारी रूपं दिसतात. एखादं स्पेलिंग पुष्कळदा दिसतं पण क्लिक मिळत नाही, तर तिथे लक्ष घालावं. शीर्षक, पत्ता आणि गुगल बिझनेस प्रोफाइल यांत एकच मुख्य स्पेलिंग कायम ठेवावं. दुसरं रूढ रूप ‘कसं पोहोचाल’ अशा परिच्छेदात एकदा सहज यावं. निव्वळ टायपिंगची चूक मात्र पानावर छापू नये. वाचणाऱ्याचा विश्वास त्यानं उडतो.

मराठी मजकुरात आणखी एक पेच आहे आणि त्याकडे फारच थोडे पाहतात. ‘किनाऱ्यावर’ किंवा ‘तिसऱ्या’ यांतला ऱ्य संगणकावर दोन तऱ्हांनी साठवला जातो: कधी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, कधी साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्याला दोन्ही सारखेच. पण वेबसाइटवरच्या, सरळ अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या सर्च बॉक्सच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. मेन्यूत शिंपल्यांचा ‘तिसऱ्या मसाला’ असूनही ‘सापडलं नाही’ असं उत्तर येतं. ‘ॲ’चंही तेच. शोध घेण्याआधी दोन्ही रूपं एकसारखी करून घेणं हे वेबसाइट बनवणाऱ्याचं काम आहे, आणि ते सांगून करून घ्यावं.

आपल्या स्वतःच्या सर्च बॉक्सवर तर गुगलची मेहेरनजर नसतेच. सोलकढी कुणी ‘सोलकडी’ लिहितं, कुणी रोमनमध्ये डी-एच, कुणी नुसता डी. हापूस, अल्फान्सो आणि एफ किंवा पी-एचचा अल्फान्सो ही सगळी देवगडच्या एकाच पेटीची नावं. अशा समानार्थी शब्दांची यादी बसवून देता येते. ज्या शोधांना शून्य उत्तरं मिळाली त्यांची नोंद दर महिन्याला वाचली, की त्या यादीत पुढचा शब्द कोणता घालायचा ते कळतं.