भेडाघाटचा मऊ दगड आणि त्यावरची नक्षी

जबलपूरहून भेडाघाटला गेलं, की धुवांधार धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना दगडी वस्तूंची दुकानं लागतात. गणपती, नंदी, शिवलिंगं, जाळीदार दिवे, झाकणाच्या डब्या. विचारलं तर उत्तर एकच, ‘संगमरवर है।’ ते अर्धं खरं असतं. नर्मदेनं ज्या कड्यांमधून वाट काढली आहे ते कडे डोलोमाइटी, म्हणजे मॅग्नेशियम असलेल्या संगमरवराचेच आहेत. मात्र तळहातावर मावणाऱ्या कितीतरी वस्तू त्याच्याहून पुष्कळ मऊ अशा ‘गोऱ्या पत्थरा’च्या असतात. हा आपल्याकडचा शंखजिऱ्याचा दगड. लहानपणी पाटीवर जी पांढरी पेन्सिल घासली, तीही बहुधा याच जातीची.

यात निव्वळ फसवणूक आहे असं मला वाटत नाही, कारण दोन्ही दगड एकाच घरातले आहेत. डोलोमाइटच्या भेगांमधून सिलिका विरघळलेलं कढत पाणी झिरपलं, की डोलोमाइटातल्या मॅग्नेशियमशी सिलिकाचा संयोग होऊन शंखजिरं तयार होतं. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकमेकांना फार सैल धरून असतात, म्हणून हाताला साबणासारखा बुळबुळीतपणा लागतो.

हत्यार कोणतं आणि ते कसं धरायचं, हे या मऊपणावर ठरतं. फ्रीडरिश मोस यानं १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची जी उतरंड लावली, तिच्यात शंखजिरं तळाला, १ वर आहे. आपलं नख साधारण अडीचवर, डोलोमाइट साडेतीन ते चारवर. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड सहाच्या आसपास जातो. त्यावर पाथरवटाची टाकी पडते तेव्हा ठिणग्या उडतात. संगमरवराचे छन्नीखाली कपचे निघतात. गोरा पत्थर मात्र लाकडासारखा कापता, तासता येतो. हातकरवत चालते, कानस चालते, कोरणी नुसत्या मनगटाच्या जोरावर पुढे सरकते.

कामाची सुरुवात दगड निवडण्यापासून होते आणि निम्मं यश इथेच ठरतं. ठोकळा पाण्यानं भिजवून वाळत ठेवायचा. बाकीचा पृष्ठभाग वाळला तरी भेगेत पाणी रेंगाळतं आणि तिथे काळसर रेघ राहते. मग हातोडीनं हलकेच वाजवून पाहायचं. अखंड दगड खणखणतो, आतून तडकलेला बद्द वाजतो. त्यानंतर थर कुठल्या दिशेनं जातात ते बघायचं. हत्तीची सोंड किंवा मूर्तीचा उचललेला हात थरांना आडवा आला, तर तो आज ना उद्या गळणार. म्हणून आकृती थरांच्या कलानं बसवायची आणि मगच करवत लावायची.

आता समजा, सपाट तुकड्यावर वेलबुट्टी काढायची आहे. पेन्सिलीनं आणि कंपासनं आकृती उतरवली, की टोकदार कोरणीनं तिची कड खोलवर रेखून घेतात. ही रेघ महत्त्वाची, कारण पुढे कोरणी घसरली तर ती इथे अडते. यानंतर नवखा माणूस हमखास फुलाला हात घालतो. कारागीर फुलाला शिवतसुद्धा नाही. तो फुलाभोवतालची जमीन उतरवतो. रेघेपासून बाहेरच्या बाजूला दगड काढत, सगळीकडे सारखी खोली राखत, तो जमीन खाली नेतो आणि फूल आपोआप वर उरतं. तीन-चार मिलिमीटर पुरतात. तिरपा उजेड पडला की एवढी सावलीसुद्धा ठसठशीत दिसते.

चामड्यावरच्या नक्षीकामातही चाल हीच आहे. वनस्पतींच्या सालीनं कमावलेलं चामडं ओलसर करून सुरीनं कड कापायची आणि भोवतालचा भाग ठशानं ठोकून दाबायचा. फरक एवढाच, की चामड्याचे तंतू दबतात आणि तिथेच राहतात. दगड दबत नाही, तो काढूनच टाकावा लागतो. त्यामुळे चामड्यात उथळ राहिलेली जागा आणि दगडात उथळ राहिलेली जागा, दोन्ही पुन्हा खाली नेता येतात. पण दगडात एखादी जागा खोल गेली, तर सगळी जमीन तिच्या बरोबरीला उतरवावी लागते.

जमीन झाल्यावर फुलाची पाळी. एक पाकळी दुसरीखाली जाते तिथे खालच्या पाकळीला उतार द्यायचा, देठ मध्ये उंच ठेवून कडांना गोलवायचा, शिरा सर्वांत शेवटी. जाळीकामात आधी गिरमिटानं भोकं पाडतात, मग बारीक कानशीनं त्यांचे कोपरे काढतात. सर्वांत नाजूक काड्या मुद्दाम शेवटपर्यंत जाड ठेवायच्या, म्हणजे कामाचे हादरे त्या सोसतात.

घासकाम कंटाळवाणं आणि वेळखाऊ. भरड पॉलिशपेपरपासून बारीककडे जायचं, प्रत्येक वेळी आधीच्या ओरखड्यांना आडवं घासायचं, नाहीतर जुने ओरखडे मेणाखालून डोकावतात. हे पाण्यात करणं उत्तम. कोरडी भुकटी ओरखडे झाकते आणि फुप्फुसात जाते. शंखजिऱ्याच्या दगडात कधीकधी तंतूसारखी घातक खनिजंही मिसळलेली असतात. अनेकजण तोंडाला नुसता रुमाल बांधतात. तो पुरेसा नाही. शेवटी मेण चोळलं की दगडाचा रंग थोडा गडद होतो आणि मऊ, तेलकट झळाळी येते. संगमरवराची लखलख या दगडाला येत नाही, आणि ती आणायच्या फंदात पडू नये असं माझं मत.

हा मऊपणा सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनीही हेरला होता. मोहेंजोदडोच्या मुद्रा याच जातीच्या दगडाच्या आहेत. तिथे उलटा प्रकार: प्राणी आणि अक्षरं आत खोदायची, म्हणजे ओल्या मातीवर ठसा उमटवला की ती वर येतात. कोरल्यावर ते मुद्रा भाजत, त्यामुळे मऊ दगड टणक होई. इकडे भेडाघाटच्या आजच्या दगडी कारागिरीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

विकत घेताना वस्तू उलटी करून तळाला नख ओढावं. पांढरी रेघ उठली तर गोरा पत्थर, नाही उठली तर बहुधा संगमरवर. दोन मूर्ती शेजारी ठेवल्यावर त्यांची प्रत्येक घडी तंतोतंत जुळली, तर त्या साच्यातल्या, दगडाची भुकटी घालून ओतलेल्या समजाव्यात. घरी आणल्यावर संगमरवरी वस्तूला लिंबू किंवा चिंच लावू नये, आंबटानं तिची झळाळी जाते. गोऱ्या पत्थराला आंबटाचं भय कमी, पण भांडी घासायच्या काथ्यापासून तो लांब ठेवावा.